हरवलेल्या आबांचं टायटल

मी टायटलं लिहिते. हे माझं काम आहे आणि मी ते चांगलं करते. आधीच सांगून टाकते, कारण आमच्याकडं बाई स्वतःच्या कामाबद्दल चांगलं बोलली की ऐकणारे लगेच चपलांकडं बघायला लागतात. बघू देत.

श्रीगोंद्यात जनावरांवर व्हिडिओ करणारं एक चॅनेल आहे. त्याचे मालक म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले गुरांचे डॉक्टर. माणूस जाणता, हाताला गुण, बोलतात पण छान. पण व्हिडिओला नाव द्यायची वेळ आली की त्यांच्या अंगात परिपत्रक संचारतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी नुकताच एक व्हिडिओ टाकला होता, 'दुभत्या जनावरांमधील दुग्धज्वर : कारणे, लक्षणे व व्यवस्थापन'. बघणारे कोण, तर ते स्वतः, त्यांची मंडळी आणि कॅमेरा धरणारा. मी विचारलं, "डॉक्टर, हे शोधणार कोण?" ते म्हणाले, "ज्याच्या गाईला दुग्धज्वर झालाय तो." मी म्हटलं, "त्याला दुग्धज्वर आहे हे कळलं असतं तर त्यानं तुम्हाला कशाला शोधलं असतं? त्याला एवढंच दिसतंय की गाय व्याली, बसली आणि आता उठत नाही."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मग खुर्ची माझ्याकडं सरकवली. मी लिहिलं, 'गाय व्याल्यावर बसली, उठत नाही, काय करावं?' त्यानंतर डॉक्टरांना जेवताना दोन घास सुखानं खाता येईनात, इतके फोन यायला लागले. तेव्हापासून ते बोलतात आणि मी नाव देते.

हे मी कुठल्या क्लासात शिकले नाही. माझं माहेर सोनईचं. वडिलांचं बी-बियाणं आणि औषधांचं दुकान होतं. शाळेतून आले की मी गल्ल्यामागं उभी राहायची. औषधाच्या बाटलीवरचं नाव घेऊन आलेलं गिऱ्हाईक मी क्वचित बघितलं. माणसं म्हणायची, "वांग्याचं पान हलवलं की पांढरं पांढरं उडतंय, त्याचं द्या." वडील न बोलता बरोबर फळीवर हात घालायचे. नवीन कामगार ठेवला की त्याला पहिली गोष्ट सांगायचे की गिऱ्हाईक जे म्हणतं तेच त्या मालाचं नाव, बाटलीवरचं नाव कंपनीनं तिच्या हौसेसाठी ठेवलेलं असतं. टायटल लिहिताना मी आजही तेवढंच करते. आपल्याला काय माहीत आहे ते सोडून द्यायचं, शोधणाऱ्याला काय दिसतंय आणि तो तोंडानं काय म्हणतोय ते धरायचं. आणि खोटं लिहायचं नाही. 'शेवटपर्यंत बघा नाहीतर पस्तावाल' असली टायटलं लिहिणाऱ्यांना मी माझ्या ओट्यावर बसून चहासुद्धा देणार नाही. गाय खाली पडलेल्या माणसाची कसली थट्टा करता?

आता आबांची गोष्ट. आबा म्हणजे माझे सासरे. दोनेक वर्षांपासून त्यांचं विसरणं वाढलं होतं. आधी चष्मा विसरायचे, मग जेवलेलं विसरायला लागले, मग आम्हाला. मला कधी 'बाई' म्हणायचे, कधी 'ताई', एकदा तर 'मास्तरीण' म्हणाले. मला वाईट वाटायचं. लग्न होऊन आले तेव्हा या घरात माझ्याशी सगळ्यात गोड बोललेला माणूस तो होता.

एका सकाळी सासूबाई धारा काढत होत्या, मी भाकरी टाकत होते, आणि आबा वस्तीवरून निघून गेले. कुणाला दिसलं नाही. ऊस डोक्याच्या वर गेलेला, सगळं रान हिरवंगार, त्यात माणूस शिरला तर दोन सऱ्यांपलीकडून दिसत नाही. गावातली पोरंसोरं, बाया, सगळी उसात शिरली. हाका मारून घसे बसले. आजूबाजूच्या विहिरी बघितल्या. सासूबाई प्रत्येक विहिरीवर स्वतः गेल्या. काठाला धरून वाकून बघायच्या, मग पुढच्या विहिरीकडं चालायला लागायच्या. ते बघून मला रडू आवरलं नाही. संध्याकाळी पोलिसांत तक्रार दिली. त्यांनी त्यांच्या बाजूनं वायरलेस केलं, फोटो पाठवले. माझा नवरा त्याचा टेम्पो घेऊन नगरपासून दौंडपर्यंत स्टँडं, देवळं, दवाखाने पालथे घालत सुटला.

घरात थोरले दीर होते. त्यांना सगळे दादा म्हणतात. दादा आमच्या गावचे सरपंच. मनानं वाईट माणूस नाही, गावात पाण्याची टाकी आणली, स्मशानभूमीला छत आणलं, आणि बापावर त्यांचा जीव होता. पण त्यांना एक सवय आहे. कुठलीही गोष्ट फ्लेक्सवर चढल्याशिवाय ती खरी झाली असं त्यांना वाटतच नाही. त्यांनी फ्लेक्सवाल्याला फोन केला आणि आबांच्या शोधाचा मजकूर करून घेतला.

तो फ्लेक्सवाला तरी काय करणार? त्याच्याकडं एकच नमुना तयार. वर पुढाऱ्यांच्या मुंडक्यांची रांग. मधे आबांचा फेट्यातला फोटो, नातवाच्या लग्नातला, मागं सोनेरी झालर. खाली दादा हात जोडून. 'प्रगतशील शेतकरी, आपल्या गावचे लोकप्रिय सरपंच यांचे वडील' हे ठळक अक्षरात, आणि 'हरवले आहेत' हे खालच्या कोपऱ्यात, मुंगीएवढं. शेवटी 'विनीत : समस्त ग्रामस्थ व मित्रमंडळ'. हे चित्र दादांनी तालुक्यातल्या झाडून सगळ्या ग्रुपांवर टाकलं.

अर्ध्या तासात उत्तरं यायला लागली. भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. एकानं तर वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा दिल्या. लोकांचं काय चुकलं? फेट्यातला म्हातारा, झालर आणि हात जोडलेला मुलगा बघितला की आमच्या भागातल्या माणसाचं बोट आपोआप श्रद्धांजलीवर जातं. वाचतंय कोण? दुपारी कर्जतकडची एक लांबची आत्या खांद्यावर टॉवेल टाकलेल्या दोन पोरांना घेऊन रिक्षातून उतरली आणि फाटकापासूनच गळा काढला. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्या उठल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "गप बस गं. मेले न्हाईत ते. हरवलेत."

आत्याबाई चहा पिऊन गेल्या. पण माझं डोकं फिरलं होतं. आमच्याकडं धाकटी भावजय थोरल्या दिरासमोर फार बोलत नाही, मान राखते. मी मान राखते आणि बोलते पण. मी ओट्यावर गेले आणि म्हटलं, "दादा, आबा या घडीला कुणाच्या तरी दारात बसले असतील. त्या माणसाला हे सरपंचांचे वडील आहेत हे माहीत आहे का?"

दादा मोबाईल बघत होते. म्हणाले, "म्हणून तर लिहिलंय ना."

"तुम्ही लिहिलंय ते तुम्हाला माहीत आहे ते. ज्याच्याकडं आबा आहेत त्याला यातलं एक अक्षर माहीत नाही. आबांना स्वतःचं नाव सांगता येत नाही, गाव सांगता येत नाही, तुम्ही सरपंच आहात हे तर ते कधीच विसरलेत. तो माणूस मोबाईलवर शोधायला बसला तर काय म्हणून शोधेल? आणि चित्रात कोरलेली अक्षरं शोधून सापडत नाहीत, ती नुसती बघायची."

"मग फोटो बघून ओळखतील."

"फेटा घालून गेलेत का ते? धोतर, बंडी आणि टोपीतला म्हातारा या जिल्ह्यात कुठल्या गावात नाही?"

दादांनी मोबाईल बाजूला ठेवला. "मग तुमचं काय म्हणणं आहे?"

मी म्हटलं, "त्या माणसाला आबा दिसतात एवढंच नाही, ऐकू पण येतात. आबा बोलतात ना. दिवसभर एकच वाक्य बोलतात. ते टायटलात घालायचं."

कुठलं वाक्य ते मी सांगायची गरज नव्हती. घरातल्या प्रत्येकाला ते पाठ होतं. पहाट झाली की आबा अंथरुणात उठून बसायचे आणि म्हणायचे, "बैलांना पानी पाजायचं ऱ्हायलंय. कारखान्यावर बांधलीत. जाऊ द्या मला." आमच्याकडं बैल नाहीत. कैक वर्षांपूर्वी विकले, आता ट्रॅक्टर आहे. दादा दर वेळी त्यांना समजावून सांगायचे, "आबा, बैल नाहीत आता. तुम्ही घरी आहात." मग आबा गप्प बसायचे आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच. घरी पाव्हणे असले की दादा त्यांना आतल्या खोलीत नेऊन बसवायचे.

यामागचं कारण सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आम्ही आज बागायतदार म्हणवून घेतो, पण हे घर मूळचं इथलं नाही. आबा आणि सासूबाई पाथर्डीकडच्या कोरडवाहू भागातले. दसरा झाला की बैलगाडी जुंपून टोळीबरोबर ऊस तोडायला या भागात यायचे. ते दोघं तोडायचे, मोळ्या बांधायचे, गाडी भरायचे आणि कारखान्यावर न्यायचे. तिथं गाड्यांची रांग. आपली गाडी खाली व्हायला दिवस दिवस थांबावं लागायचं, आणि जुंपलेल्या बैलांना पाणी पाजायची सवड मिळायची नाही. अशी पुष्कळ वर्षं काढून आबांनी इथंच थोडी जमीन घेतली आणि राहिले. दादांचा जन्म उसाच्या फडातल्या कोपीतला, पाचटाच्या झोपडीतला. पण दादा हे कधी सांगत नाहीत. त्यांचे आताचे सोयरे मोठे जमीनदार, उठबस कारखान्याच्या संचालकांत. आबा 'प्रगतशील शेतकरी' झाले ते दादांच्या फ्लेक्सवर.

म्हणून दादा एकदम ताडकन म्हणाले, "ते वाक्य घालायचं नाही."

"का?"

"सगळा तालुका वाचेल. सरपंचाचा बाप बैलं हाकत होता म्हणतील. वर वेडा झाला म्हणतील. आबांची इज्जत आहे काही."

मी म्हटलं, "आबांची का तुमची?"

हे बोलायला नको होतं असं कुणी म्हणेल. मला तसं आजही वाटत नाही. दादांचा चेहरा लाल झाला. ते काही बोलणार तेवढ्यात सासूबाई बोलल्या. त्या कधी आवाज चढवत नाहीत, आणि तेव्हाही चढवला नाही.

"कामून लाजतो रं? मी मोळ्या वाहिल्यात डोक्यावर, तू पोटात असताना. त्या बैलांच्या जीवावर तुझी शाळा झाली. तुझा बाप आज त्या बैलांना पानी पाजायला गेला आसंल तर तो बरोबर कामाला गेलाय." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "लिही तू. मी बोलते त्यात."

दादा उठून मळ्याकडं निघून गेले.

मी डॉक्टरांना फोन केला. चॅनेल जनावरांचं, पण ते लगेच म्हणाले, "टाका. विचारायचं काय त्यात." सासूबाईंना जांभळीखाली खुर्चीवर बसवलं आणि मोबाईल समोर धरला. त्या डोक्यावरचा पदर सारखा करून एवढंच बोलल्या की आमचे मालक हरवलेत, त्यांना काही आठवत नाही, ते बैलांचं विचारतात, तुमच्याकडं आले असतील तर त्यांना भाकरी द्या आणि आम्हाला सांगा. एका दमात बोलल्या. मला दुसऱ्यांदा घ्यावं लागलं नाही.

मग टायटल. आयुष्यात मी इतकी टायटलं लिहिली, पण इतका वेळ कशालाच लावला नाही. 'हरवले आहेत' हे आधी खोडलं. ज्याच्या दारात माणूस आलाय त्याच्या लेखी तो हरवलेला नसतो, आलेला असतो. नाव खोडलं. गाव खोडलं. सरपंच तर आलाच नव्हता. शेवटी हे राहिलं, 'बैलांना पाणी पाजायचं राहिलंय, कारखान्यावर बांधलीत, असं म्हणणारे आजोबा तुमच्याकडे आलेत का?' खाली माहितीत बाकीचं लिहिलं. नाव, गाव, फोन, उजव्या हाताच्या अंगठ्यावर कोयत्याचा जुना व्रण, आणि हेही की ते गोठा दिसला की आत शिरतात.

व्हिडिओ टाकला आणि वाट बघायला लागलो. पहिल्यांदा फालतू लोक आले. एकानं लिहिलं, बैलांचा भाव काय. एकानं लिहिलं, आजोबांना आमदार करा. मी त्यांना उत्तर दिलं नाही, पण त्यांची नावं माझ्या लक्षात आहेत. गावातल्या पारावर पण चर्चा झाली. दादा दोन दिवस पाराकडं फिरकले नाहीत. मला त्यांच्या वागण्याचा राग आला होता आणि त्यांची कीवही येत होती. माझं टायटल बरोबर आहे याबद्दल मात्र मला तिळभर शंका नव्हती. भीती एकाच गोष्टीची होती. शोधणारा कुणी असायला हवा. आबा कुणाच्या दारात पोचलेच नसतील तर जगातलं कुठलं टायटल त्यांना आणणार? सासूबाईंना मी हे बोलले नाही. त्या रोज भाकऱ्या थापताना आबांची भाकरी जास्तीची थापायच्या आणि संध्याकाळी ती गाईला घालायच्या.

मग एका सकाळी फोन आला. अनोळखी नंबर, बाईचा आवाज, मागं म्हशीचं ओरडणं.

"ताई, ते बैलंवाले आजोबा तुमचेच का?"

 मी "हो" म्हटलं.

"आमच्याकडं हायेत. पुनतांब्याला. नदीकडंच्या वस्तीवर. बरे हायेत, जेवत्यात. पर ताई, लवकर या. सारखं पानी पाजून पाजून आमच्या म्हशी कट्टाळल्या."

मी हसले आणि लगेच रडले. सासूबाई चुलीपाशी होत्या. माझं तोंड बघून त्या उठल्या, भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "आहेत. बरे आहेत." त्या पुन्हा खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला.

नंतर कळलं ते असं. आबा चालत बेलवंडीच्या स्टेशनावर पोचले आणि समोर आलेल्या गाडीत बसले. पुणतांब्याला का उतरले ते त्यांनाच ठाऊक. उतरून चालत सुटले आणि पहिला गोठा दिसला तिथं शिरून बादली उचलली. घरातल्यांना वाटलं, जवळपासच्या कारखान्यावरचा कुणी चुकलेला म्हातारा असेल. त्या भागात कारखान्यांना तोटा नाही. त्यांनी एकेका कारखान्यावर जाऊन विचारलं. कुणालाच माहीत नाही, बैलगाड्या पण थोड्याच राहिल्यात. मग त्या घरच्या सुनेनं मोबाईल घेतला. ती टाइप करत नाही, मोबाईलशी बोलते. आधी म्हणाली, 'हरवलेला म्हातारा'. त्यावर सगळ्या महाराष्ट्रातले म्हातारे आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी ती वैतागली होती, आबा दारात तेच तेच म्हणत होते, आणि तिनं ते जसंच्या तसं मोबाईलला सांगितलं. पहिलाच आला तो आमचा व्हिडिओ. तिनं मला हे सांगितलं तेव्हा मला जी ऐट वाटली ती मी लपवणार नाही. कशाला लपवू?

दादांनी जीप काढली. नवरा वाटेत नगरला आम्हाला येऊन मिळाला. सासूबाईंचे गुडघे प्रवासाला साथ देत नाहीत, म्हणून त्या घरी थांबल्या आणि बरोबर आबांची कोरडी धोतरं आणि शेंगदाण्याची चटणी दिली.  दादांनी सरपंचाचे कडक पांढरे कपडे घातले होते, वर जाकीट. बहुतेक सवयीनं. राहुरी मागं पडल्यावर एकदाच म्हणाले, "त्यांनी आपल्याला ओळखलं नाही तर?" 

वस्ती गोदावरीच्या अंगाला होती. फाटकातूनच आबा दिसले. गोठ्याच्या कडेला, हौदापाशी मातीत बसले होते, बादली शेजारी. दाढी वाढलेली, पण अंगावर स्वच्छ बंडी, त्या घरातल्या कुणाची तरी. माझ्या नवऱ्यानं धावत जाऊन त्यांचे पाय धरले. आबा दचकले आणि पाय मागं घेतले. त्या घरची सून म्हणाली, "आजोबा, तुमची मानसं आली." आबांनी आमच्याकडं एकेक करून बघितलं. माझ्याकडं बघून जरा हसले, ओळख नसलेल्या बाईकडं बघून हसतात तसं. मग त्यांची नजर दादांवर गेली, पांढऱ्या कपड्यांवर, जाकिटावर. आणि ते गुडघ्यावर हात टेकून धडपडत उभे राहिले आणि त्यांनी दादांना हात जोडले.

"नमस्कार, सायेब," ते म्हणाले. "माझं काई चुकलं का? लगेच गाडी हालवतो. बैलांना तेवढं पानी पाजू द्या."

स्वतःच्या बापानं जोडलेले हात समोर, आणि दादा तसेच उभे. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांनी आबांचे हात धरून खाली केले. "आबा, मी..." म्हणाले आणि थांबले. नेहमीचं वाक्य त्यांच्या ओठावर आलं होतं, मला दिसलं. मी तुमचा मुलगा, बैल नाहीत आता, तुम्ही घरी चला. ते त्यांनी गिळलं. जाकीट काढून त्यांनी माझ्या हातात दिलं.

आबा घाबरून विचारत होते, "सायेब, तुमी कोन?"

माझ्या दिरांना ही गोष्ट विचारायची लोकांवर कधी वेळच आली नव्हती. चौकातल्या फ्लेक्सवर सगळं लिहिलेलं असायचं. 

"सायेब न्हाई, बाबा," ते म्हणाले. लहानपणीचा पाथर्डीकडचा हेल त्यांच्या बोलण्यात आला होता, मी तो त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता. "मी गाडीवानाचा पोरगा. पाथर्डीकडचा. फडातला. आमची बी बैलं हायेत कारखान्यावर."

आबांनी त्यांना वरून खालपर्यंत न्याहाळलं. मग त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

"आरं मग असा पाव्हण्यावानी उभा कामून?" ते म्हणाले. "बस की." आणि बादली बाजूला सारून त्यांनी आपल्याशेजारी मातीत जागा करून दिली.